नेटी हॅगर्टच्या लोकरीखालची फुलदाणी

स्कॉटलंडमधल्या क्रीफ गावात कुणी आठवडाभर परगावी निघालं, की घराची किल्ली नेटी हॅगर्टकडे ठेवून जायचं. तशी रीतच पडून गेली होती. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यांची एक रांग होती आणि उन्हाळ्यात त्या खिळ्यांवर अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या लटकलेल्या असत. कुणाचं मांजर, कुणाच्या कुंड्या, कुणाचा म्हातारा पोपट. नेटी वेळेवर जायची, खाऊपिऊ घालायची, दार ओढून पुन्हा एकदा लोटून बघायची. "नेटीच्या हाती सोनं द्या आणि विसरून जा," असं टपाल वाटणारी बाई म्हणायची. भाजीवाल्याने एकदा चुकून एक सफरचंद जास्तीचं घातलं, तर ही बया पावसात पुन्हा चढ उतरून ते परत करायला गेली.

लोक असं कौतुक करायला लागले की नेटी विषय बदलायची. लोकांना वाटे, बाई किती साधी! ते काही साधेपण नव्हतं. तिच्या झोपायच्या खोलीत जे कपाट होतं, त्याच्या सगळ्यात खालच्या खणात, लोकरीच्या गुंड्यांखाली, जुन्या फ्लॅनेलच्या परकरात गुंडाळलेली एक फुलदाणी होती. ती तिची नव्हती. १९६१च्या सप्टेंबरपासून ती तिथे होती आणि तेव्हापासून कुणी "प्रामाणिक" हा शब्द उच्चारला, की नेटीला तो खण आठवायचा.

तेव्हा ती अठरा वर्षांची होती. नदीकाठी, आता जिथे मोटारी धुतात तिथे, अर्नबँक नावाचा काचकारखाना होता. लहानसाच, सगळी मिळून चौदा माणसं. मिस्टर लम्सडेन हे तिथले मुख्य कारागीर. वितळल्या काचेचा गोळा फुंकणीच्या टोकावर घेऊन ते तो रंगीत काचेच्या भुकटीत लोळवत, पुन्हा भट्टीत धरत, आणि मग लोखंडी आकड्याने रंग ओढून त्याचे असे भोवरे काढत की बघणाऱ्याला वाटावं, नदीच आत घुमते आहे. भांडं तयार झालं की बुडाला चिकटवलेल्या सळईवरून तोडायचं आणि सावकाश निवायला दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ते नेटीकडे यायचं. सळईवरून तोडलेल्या जागी बुडाला काचेचा खडबडीत टवका राहतो, तो फिरत्या दगडी चाकावर पाणी सोडत घासायचा, आरशासारखा गुळगुळीत करायचा, ही नेटीची नोकरी. बोटांची टोकं कायम पांढरी आणि सुरकुतलेली असायची.

तिथून भांडं जायचं क्रिसी वेडरबर्नकडे. क्रिसी चोवीस वर्षांची, बांधणीच्या खोलीची मालकीणच म्हणा ना. गवत आणि वर्तमानपत्रात काच अशी बांधायची की खोकं जिन्यावरून गडगडलं तरी आतल्याला पत्ता लागू नये. जीभ मात्र तिची धारेची. नेटी नवी आली तेव्हा पहिल्या दिवशी क्रिसीनेच तिला रबरी एप्रन बांधून दिलं होतं आणि म्हणाली होती, "घट्ट बांध. इथं भिजलेली पोरगी दिसली की सगळ्या बाप्यांना एकदम पाणी प्यायची आठवण येते." शनिवारी नाचाला जाताना तीच नेटीचे केस विंचरून द्यायची. नेटीला बहीण नव्हती. होती ती क्रिसी.

त्या सप्टेंबरात एडिनबरोच्या प्रदर्शनासाठी मिस्टर लम्सडेननी एक मोठी फुलदाणी करायला घेतली. तीन बिघडल्या. एक भट्टीतच कलली, एक तोंडाशी फाटली, तिसरी त्यांना आवडली नाही म्हणून त्यांनीच बादलीत टाकली. चौथी साधली. हातभर उंच, रुंद खांद्यांची. खाली शेवाळी हिरवी, वर चढता चढता जांभळी होत जाणारी आणि तोंडाशी पिकल्या जर्दाळूच्या रंगाची. मधून सोनेरी कण असे विखुरलेले, की फिरवली की लुकलुकावेत. कारखान्यातली सगळी माणसं हात पुसून बघायला आली होती. छायाचित्रकार येऊन फोटोही काढून गेला.

शनिवारी दुपारी बारा वाजता कारखाना बंद व्हायचा. पावणेबाराला ती फुलदाणी नेटीच्या चाकावर होती. बाकीचे हात धुवायला गेले होते. थोडंच घासायचं राहिलं होतं. तेवढ्यात आवाज झाला. मोठा नव्हे. टक्. जीभ टाळूला लावून कुणी केल्यासारखा. नेटीने फुलदाणी उजेडाकडे धरली. बुडापासून दोन बोटं वर, केसासारखी एक रेघ.

आपण काय करतोय हे तिला कळलं तेव्हा फुलदाणी एप्रनात गुंडाळून तिच्या विणकामाच्या पिशवीत गेलेली होती. मिस्टर लम्सडेन ओरडणारे असते तर कदाचित तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण ते ओरडत नसत, नुसते गप्प होत. आणि तीन बिघडल्यानंतर या माणसाचं चौथ्यांदा गप्प होणं बघण्याची तिची छाती नव्हती. सोमवारी सांगू, असं ती मनाशी म्हणाली. रविवारी प्रार्थनेत बसून तिने वाक्यसुद्धा ठरवलं.

सोमवारी ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. व्यवस्थापक क्रॉम्बी बांधणीच्या खोलीच्या दारात उभा होता आणि त्याच्यासमोर क्रिसी, कमरेवर हात ठेवून.

"शनिवारी शेवटचं कुलूप कुणी घातलं?"

"मी. दर शनिवारी मीच घालते."

"मग फुलदाणी कुठाय?"

"मला काय माहीत? माझ्याकडे आलीच नव्हती."

"चाकावरून भांडं तुझ्याच खोलीत येतं, आणि तू एकटीच मागे होतीस, मिस वेडरबर्न."

क्रिसीने आपली पिशवी काढून टेबलावर आपटली. "बघायचीय? बघा. घरी येऊन पलंगाखाली बघायचंय? चला. पण एकदा या पिशवीत हात घातलात ना, की मी पुन्हा या जागेत पाय ठेवणार नाही. विचार करून घाला."

क्रॉम्बीने विचार केला नाही. पिशवीतून चीज-सँडविच आणि एक फाटका मोजा निघाला. क्रिसीने एप्रन सोडून खुंटीला लावलं, सँडविच उचललं आणि अंगणातून सरळ चालत गेली. मोजा तिथेच राहिला.

नेटी चाकापाशी उभी होती. तिने तोंड उघडलंही. पण घरी आई होती. छातीच्या दुखण्याने दोन हिवाळे अंथरुणाला खिळलेली, आणि घरात नेटीशिवाय कमावणारं कुणी नाही. तोंड उघडं राहिलं आणि त्यातून ब्र निघाला नाही. मग तिने खाली वाकून पुढचं भांडं चाकाला लावलं. त्या गुरुवारी क्रिसी आर्ब्रोथला मावशीकडे निघून गेल्याचं सगळ्या गावाला कळलं.

आई आणखी चार वर्षं जगली. आई गेल्यावर सांगायचं असं नेटीने ठरवलं होतं. पण तोवर मिस्टर लम्सडेन वारले होते, क्रॉम्बी ग्लासगोला गेला होता, आणि सांगायचं कुणाला हाच प्रश्न होता. क्रिसीला? तीनदा पत्र लिहायला घेतलं. "प्रिय क्रिसी" च्या पुढे हात जाईना. मग लग्न झालं. नवरा, हॅगर्ट, बस चालवायचा, मोठ्या मनाचा आणि कमी बोलणारा माणूस. मुलगी झाली, शीना. बहात्तर साली कारखाना बंद पडला तेव्हा नेटी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि तेवीस वर्षं तिने गावातल्या पोरांना खिमा-बटाटे वाढले. नवऱ्याने एकदा कपाट सरकवताना ते गाठोडं बघितलं होतं. "हे काय गं?" "आत्याचं आहे." तो बरं म्हणाला. त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि नेटीला वाटत राहिलं की त्याला सगळं कळलं होतं. तोही गेला, सात वर्षांपूर्वी.

नेटी शहात्तरची झाली, गुडघे जिना चढेनात, म्हणून शीनाने तिच्यासाठी तळमजल्यावरचं लहान घर बघितलं आणि मे महिन्यात सामान बांधायला आली. शीना शाळेच्या कचेरीत काम करायची आणि आईच्या घरातही तसंच काम करायची: हे ठेवायचं, हे द्यायचं, हे टाकायचं. रविवारी नेटी चर्चला गेलेली असताना ती खालच्या खणापर्यंत पोचली.

नेटी परत आली तर खण रिकामा. लोकर पलंगावर. स्वयंपाकघरात चिठ्ठी: *आई, लोकरीत काय सापडलं बघ! नगरसभागृहात आज काचवाल्यांचा मेळावा आहे, तिथे दाखवून येते. सूप गरम कर.*

नेटीने सूप गरम केलं नाही. काठी घेतली आणि निघाली. उतार होता म्हणून बरं. तरी वाटेत दोनदा भिंतीला टेकावं लागलं. लोकांनी हात केले, "काय नेटी, कुठं घाईनं?" तिला कुणी दिसलं नाही.

सभागृहात लांब टेबलं मांडली होती, त्यांवर निळी, तांबडी, धुरकट काच. दरवर्षी हा मेळावा भरायचा, दुरून दुरून जुनी स्कॉटिश काच जमवणारी माणसं यायची, गावातले लोक माळ्यावरची भांडी दाखवायला आणायचे, आणि नेटी त्या दिवशी मुद्दाम घरात राहायची. आता तिला दिसलं ते पलीकडच्या टेबलाभोवतीचं कोंडाळं. मध्ये शीना, लाजत आणि फुशारत. तिच्यासमोर निनियन प्रिंगल नावाचा लांबुडका माणूस, संग्राहक मंडळाचा चिटणीस. त्याने फुलदाणी दोन्ही हातांत धरली होती, तान्हं मूल धरावं तशी.

"हिचा एकच फोटो आहे," तो सगळ्यांना सांगत होता. "एकच! प्रदर्शनाच्या आदल्या शनिवारी नाहीशी झाली. आम्ही धरून चाललो होतो की फुटली असणार. मिसेस हॅगर्ट? या, या, बसा. यांना खुर्ची द्या कुणीतरी. तुमच्या कन्या म्हणतात, ही तुमच्या लग्नातली भेट. कुणी दिली हो?"

कुणीतरी नेटीच्या हातात चहा आणि स्कोन, छोटा गोडसर पाव, दिला होता. समोर सगळी ओळखीची तोंडं. टपालवाली, भाजीवाला, चर्चमधल्या दोघी. एक शब्द पुरला असता. आत्याने दिली. आत्या मरून चाळीस वर्षं झाली होती, ती कुठे येणार होती नाही म्हणायला?

"कुणी नाही दिली," नेटी म्हणाली. "मी चोरली."

शीना हसली. "काहीतरीच काय आई!"

"काहीतरी नाही. ऐक. बूड घासताना तडा गेला माझ्या हातून. बघा, खाली आहे, दोन बोटं. मी घाबरले आणि पिशवीत घालून घरी नेली. आळ आला क्रिसी वेडरबर्नवर. माझ्या डोळ्यांदेखत तिची पिशवी तपासली, आणि मी बोलले नाही. तिला गाव सोडावं लागलं. एवढंच आहे. पोलिसात द्यायचं तर द्या. आधी हा स्कोन कुणीतरी धरा."

टपालवाल्या बाईने पुढे होऊन स्कोन घेतला, चहा घेतला, आणि नेटीच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.

प्रिंगलने फुलदाणी हळूच उपडी करून बघितलं. "आहे खरा तडा," तो म्हणाला. मग चष्मा काढून पुसत बसला. "मिसेस हॅगर्ट, कारखाना बंद होऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. लम्सडेनना मूलबाळ नव्हतं. तुम्हाला पोलिसात द्यायला तक्रार करणार कोण? मी तर करणार नाही. तुम्ही नेली नसती तर त्यांनी ती बादलीत टाकली असती, चौथी म्हणून."

"क्रिसी करेल ना तक्रार," नेटी म्हणाली. "असती तर."

"असती तर म्हणजे?" प्रिंगल चकित होऊन बघत राहिला. "क्रिस्टीना टॉश ना, आर्ब्रोथच्या? माहेरच्या वेडरबर्न. अहो, गेल्या वर्षी त्यांनी मला पत्र लिहिलं होतं. आमच्या अंकात मी लिहिलेलं काच बांधायचं वर्णन साफ चुकीचं आहे म्हणून. चार पानं! शेवटी लिहिलंय, 'ज्याला गवत आणि पेंढा यांतला फरक कळत नाही त्याने काचेवर लिहू नये.'"

नेटीने डोळे मिटले. क्रिसीच. दुसरी कोण असणार?

फोन प्रिंगलनेच केला, शीनाच्या सांगण्यावरून, दुसऱ्या दिवशी. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही. नेटी हॅगर्ट, पूर्वीची नेटी मॅकारा, भेटायला येऊ इच्छिते एवढंच. पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला: "मंगळवारी ये म्हणावं तिला. बुधवारी माझे पाय बघायला बाई येते."

मंगळवारी शीनाने मोटार काढली. फुलदाणी नेटीच्या मांडीवर, टॉवेलात. पर्थ मागे पडलं. रविवारपासून शीना आईशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

"बाबांना माहीत होतं?" शेवटी तिने विचारलं.

"मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही."

"लहानपणी मी दुकानातून एक पेन्सिल उचलली होती, आठवतं? तू मला ओढत नेऊन माफी मागायला लावली होतीस. सगळ्या दुकानासमोर. मी सहा वर्षांची होते, आई."

"आठवतं."

"आणि घरी येऊन तू रडलीस. मला वाटलं, माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नव्हतं, बाळ."

शीनाने एक हात सोडून आईच्या मांडीवरचा टॉवेल नीट खोचला. "घट्ट धर," ती म्हणाली. "पुढे खड्डे आहेत."

आर्ब्रोथला समुद्रावरून धुकं आत आलं होतं आणि सगळ्या गल्लीला मासे धुरवण्याचा वास होता. क्रिसीचं घर बंदराच्या मागच्या रांगेत, दार लाल. दार उघडलं ते तिनेच. वाकलेली, बारीक झालेली, केस पांढरे. पण कमरेवर हात तसेच.

"आत या. पाय पुसा. ही मुलगी का? तुझ्यापेक्षा बरी आहे दिसायला."

नेटीने बसायच्या आधीच टॉवेल सोडला आणि फुलदाणी टेबलावर ठेवली. ठरवलेलं वाक्य होतं, अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या रविवारी ठरवलेलं. त्यातला एक शब्द आठवेना. "मी होते, क्रिसी," एवढंच ती म्हणाली. "तडा गेला माझ्या हातून. मीच नेली."

क्रिसी फुलदाणीकडे बघत राहिली. तिच्या बोटांनी आपसूक बूड चाचपलं, खांदे चाचपले, बांधायला घेताना कुठे धरायचं ते बघावं तसे.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ही तुझ्याकडे आहे ते नव्हतं माहीत. पण तुला काहीतरी माहीत आहे, ते माहीत होतं. गुरुवारी बसमध्ये बसले तर बेकरीच्या मागे तू उभी. अर्धं अंग भिंतीआड आणि ते भलेमोठे पाय बाहेर! वाटलं, ही येऊन निरोप का देत नाही? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय असणार?"

"मग सांगितलं का नाहीस तू? क्रॉम्बीला?"

"सांगून काय झालं असतं? तुला काढलं असतं, आणि तुझी आई अंथरुणात. माझी मावशी होती इथे, मला जागा होती. आणि खरं सांगू? मला तिथून सुटायचंच होतं. गवतात काच बांधून बांधून शिंका यायच्या मला. पण स्वतःहून सोडलं असतं तर बापाने मारलं असतं. क्रॉम्बीने पिशवीत हात घातला आणि मला दार उघडून दिलं." तिने नेटीकडे रोखून बघितलं. "म्हणून लगेच हसू नकोस. दहा वर्षं दर सोमवारी कपडे धुताना तुला शिव्या घातल्यात मी. नवऱ्याच्या, बर्टच्या, सदऱ्यावर तुझं तोंड कल्पून बडवायचे. बर्ट म्हणायचा, नेटीमुळे माझे सदरे टिकत नाहीत."

"आणि तुझे वडील?"

"त्यांनी एकदा विचारलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं. मग दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसायचे, ताठ, ज्यांना बोलायचं त्यांनी बोलावं म्हणून. ते मला लागलं, नेटी. त्यांना तसं ताठ बसावं लागलं, ते. चोरीबिरीचं सोड. आणि तू निरोप द्यायला आली नाहीस, तेही."

नेटी रडायला लागली. मोठ्याने नाही, पण थांबेना. क्रिसीने तिला रडू दिलं. उठून किटली ठेवली, तीन कप काढले, एक परत ठेवून चांगला काढला. मग पाठमोरी राहूनच म्हणाली, "पत्र तरी टाकायचं होतंस एक."

"तीन लिहिली. 'प्रिय क्रिसी' च्या पुढे गेले नाही."

"तेवढंच टाकायचं होतंस की, गधडे! मला कळलं असतं."

शीना तोंड फिरवून खिडकीबाहेर धुकं बघत बसली. मग मागून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला म्हणून दचकून वळली, तर दोन्ही म्हाताऱ्या हसत होत्या. नेटी रडता रडता हसत होती आणि क्रिसी कप हातात घेऊन ओट्याला टेकली होती.

"त्या पिशवीतला मोजा," नेटी धापा टाकत म्हणाली, "क्रॉम्बीने चिमटीत धरला होता..."

"तो मोजा माझा नव्हताच! कारखान्यातल्या पेगी ग्रेगचा होता! सांधायला आणला होता मी. बिचारीला परत मिळाला का कुणास ठाऊक."

नेटीच्या जिवाला असं हलकं कधी वाटलं होतं, तिला सांगता आलं नसतं. खांद्यांवरून कुणी ओली चादर काढून घ्यावी तसं झालं. तिला एकदम भूक लागली. रविवारपासून धड अन्न पोटात गेलं नव्हतं. क्रिसीने मासे धुरवणाऱ्या भट्टीतून आणलेले हॅडॉक मासे काढले, लोण्यात गरम केले, ब्रेडचे जाड तुकडे कापले; आणि नेटीने दोन अख्खे मासे खाल्ले. काटे बशीच्या कडेला रचत, एक शब्द न बोलता. "ही तशीच आहे," क्रिसी शीनाला म्हणाली. "नाचाला नेली तरी आधी खायचं कुठाय ते बघायची."

फुलदाणीचं काय करायचं ते क्रिसीने ठरवायचं, असं नेटी घरूनच ठरवून आली होती. प्रिंगलचं म्हणणं होतं, पर्थच्या संग्रहालयाला द्यावी. तडा असला तरी तशी दुसरी नाही.

"माझ्याकडे ठेवून काय करू?" क्रिसी म्हणाली. "मांजर पाडेल. जाऊ दे पर्थला. पण त्या लांबुडक्याला सांगा, बांधायला मी येणार. त्याचा भरवसा नाही. पेंढ्यात घालेल."

परतताना नेटी डंडी शहर यायच्या आतच झोपली, तोंड उघडं टाकून. शीनाने रेडिओ बंद केला.

आणि खरंच, जूनमध्ये क्रिसी टॉश क्रीफला आली, अठ्ठावन्न वर्षांनी. नेटीच्या नव्या घरात तीन दिवस राहिली, पडद्यांना नावं ठेवली, चहा पातळ म्हणाली. चर्चला गेली आणि नेटीला घेऊन पहिल्या बाकावर बसली. प्रार्थना संपल्यावर लोक एकेक करून येऊन तिच्याशी हात मिळवून गेले. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, तेसुद्धा. भाजीवाल्याने तिला पिशवीभर सफरचंदं दिली. सोमवारी जेवणाच्या टेबलावर तिने फुलदाणी बांधली. बोटं वाकडी झाली होती, दोऱ्याची गाठ नेटीला मारावी लागली. प्रिंगल हात मागे बांधून उभा राहून बघत होता, आणि वहीत लिहून घेत होता.

संग्रहालयात पाटी लागली, ती त्यानेच लिहिली. रंग आणि घडण, आर्चिबाल्ड लम्सडेन. बूड, जेनेट ('नेटी') हॅगर्ट. बांधणी, क्रिस्टीना टॉश. नेटीने ती तीनदा वाचली आणि कपाटाच्या काचेवरूनच अक्षरांवर बोट फिरवलं, तेव्हा तिथल्या मुलीने हळूच सांगितलं, काचेला हात लावू नका, आजी.

क्रिसी मात्र पाटीकडे बघतच नव्हती. ती कपाटाला एक फेरी मारून आली, पुन्हा दुसऱ्या बाजूने फिरली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मागची बाजू पुढे ठेवलीय," ती म्हणाली.

"तिला मागची-पुढची बाजू नसते हो," ती मुलगी म्हणाली. "गोल आहे."

"नसते कशी? नेटी, सांग तिला."

नेटीने चष्मा वर केला आणि नीट बघितलं. "बरोबर आहे तिचं. मोठा भोवरा पुढे यायला हवा. थोडी डावीकडे फिरव, बाळ. आणखी. हां, बस्स."

मुलीने कपाट उघडून, हातमोजे घालून, फुलदाणी अलगद फिरवली. खिडकीतून ऊन येत होतं. सोनेरी कण खालपासून वरपर्यंत उजळले, आणि दोघी बाकावर बसून चांगला अर्धा तास बघत राहिल्या. शीना चहाची सोय कुठे आहे ते बघायला गेली.